थर्मोस्टॅट काढू नका, बदला

गोव्याहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालकडे सरकला, तर बेळगावात आल्यावर हमखास सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील." हा सल्ला धोक्याचा आहे.

इंजिन आणि रेडिएटरच्या वाटेवर बसणारी ही छोटी झडप बहुतेक गाड्यांत विजेशिवाय चालते. तिच्या धातूच्या डबीत मेण भरलेले असते. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, साधारण 82 अंशांवर पोचला की मेण वितळून फुगते, दांड्याला रेटते आणि झडप उघडू लागते. 95 अंशांच्या आसपास ती पूर्ण उघडते. गार झाली की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. कूलंटऐवजी बोअरचे पाणी घालत राहिले की गंज आणि क्षार साचतात, झडप मिटलेल्या अवस्थेतच अडकते आणि घाटात इंजिन तापते.

मग काढून टाकली तर काय बिघडते? इंजिन नीट तापतच नाही. आजच्या गाड्यांचा कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त इंधन सोडतो, त्यातले काही न जळता ऑइलमध्ये उतरते. शिवाय अनेक इंजिनांत याच झडपेची दुसरी चकती बायपासची वाट बंद करते. ती चकती नसली तर गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परततो. म्हणजे चढावर गाडी उलट जास्तच तापते!

काटा वर गेलेला असताना रेडिएटरचा खालचा पाईप गारच असेल, तर थर्मोस्टॅटवर संशय घ्यावा. पण वॉटर पंप बिघडला किंवा रेडिएटर तुंबला तरी असेच होते. म्हणून झडप काढून, दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवून तापवावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण 97.5 अंशांनाच उकळते. 82 चा आकडा कोरलेली झडप पाण्याला उकळी फुटेपर्यंत बरीच उघडलेली दिसायला हवी. मिटलेलीच राहिली तर ती बाद.

नवी बसवताना इंजिन पूर्ण गार असू द्या. गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतला कूलंट दाबाखाली 100 अंशांपलीकडेही द्रवच असतो, दाब सुटताच तो उसळतो आणि हाततोंड भाजते. जुन्या गॅस्केटचे (सांध्यातून गळती रोखणाऱ्या पट्टीचे) अवशेष खरवडून काढा, मेणाची डबी इंजिनच्या बाजूला ठेवा. हवा सुटण्यासाठी बारीक पिन असेल तर ती वर येऊ द्या. मग कंपनीने सांगितलेला कूलंट भरून हवा काढा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा पाहा, अडकलेली हवा सुटल्यावर ती थोडी उतरलेली असते.