दुचाकीचे इंजिन बदलण्यासाठी परवानगी: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणे

जुन्या बुलेटला डिझेल इंजिन, राजदूतला भलत्याच कंपनीचे इंजिन, रोजच्या गाडीला बॅटरी आणि मोटर असे प्रयोग करणारे हौशी लोक गोव्यात आहेत आणि ते नीट करून देणारे मेकॅनिकही आहेत. तरीही वाहतूक खात्याच्या खिडकीवरून अर्ज परत येतो, तो बहुधा इंजिन आधी बसवून कागद नंतर शोधल्यामुळे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत होईल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ ठामपणे मांडला. त्यामुळे वाटेला दोनच गोष्टी उरतात: त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे इंजिन पूर्वपरवानगीने बसवणे, किंवा इंधन बदलण्यासाठी (त्यात वीजही आली) मान्यताप्राप्त संच म्हणजे किट बसवणे. वेगळ्या कंपनीचे किंवा वाढीव सीसीचे इंजिन या दोन्हींत बसत नाही. ते कितीही सफाईने बसवलेले असो, निरीक्षक पाहतो तो कागद.

डिझेल बुलेटबाबत सर्वाधिक गैरसमज आहे. रॉयल एनफिल्डने 325 सीसीच्या डिझेल इंजिनाची टॉरस ही गाडी स्वतः बनवून विकली होती. तिच्या नोंदणीतच इंधन डिझेल आहे, म्हणून ती रस्त्यावर चालते. ती पाहून पेट्रोल बुलेटच्या सांगाड्यात शेतपंपाचे इंजिन बसवणाऱ्याला मात्र तोच आधार मिळत नाही, कारण त्या इंजिनाला मोटारसायकलसाठीची मान्यताच नसते.

त्याच प्रकारचे इंजिन बसवतानाही बिलापाशी घोडे अडते. अर्ज, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू विमा आणि पीयूसी हे कागद सहसा घरी असतातच. नव्या इंजिनाचा क्रमांक छापलेले जीएसटी बिल मात्र भंगारवाला देत नाही, तो देतो वहीच्या पानावरची पावती. बसवायचे इंजिन आधी वापरलेले असेल तर, ते चोरीच्या गाडीचे नाही याची पोलिसांकडून खातरजमा मागितली जाते. ही गोष्ट पहिल्याच फेरीत सांगायला काय हरकत असते, हे मला अजून कळलेले नाही. एका कार्यालयात मी पाहिले की, निरीक्षकाने एका तरुणाच्या गाडीच्या क्रँककेसवरच्या (इंजिनाच्या खालच्या कवचावरच्या) क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली, तर दोन अंकांच्या खाली घासून काढलेले जुने अंक उमटले. त्या तरुणाने इंजिन पैसे मोजूनच घेतले होते, पण ते सिद्ध करणारे त्याच्याजवळ काहीच नव्हते. म्हणून पैसे देण्याआधी क्रमांकाचा असा ठसा स्वतः घेऊन पाहावा.

कलम 52 मधील चौदा दिवसांची मुदतही नेहमी चुकीची वाचली जाते. बदल झाल्यापासून चौदा दिवसांत तो नोंदणी प्राधिकरणाला कळवून प्रमाणपत्रात नोंदवायचा, एवढाच तिचा अर्थ आहे. आधी बसवा आणि मग दोन आठवड्यांत माफी मिळवा, असा तो नव्हे. अनधिकृत बदलासाठी कलम 182-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द सायलेन्सरसुद्धा बदलून घेणाऱ्यांनी दोनदा वाचावेत.

विजेवर चालणाऱ्या संचाचा मार्ग त्या मानाने सरळ आहे, पण संचाला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता हवी आणि त्या मान्यतेत तुमच्या गाडीचे मॉडेल नावानिशी हवे. 'सगळ्या गाड्यांना चालतो' असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे मान्यतापत्राची प्रत मागावी. ती दाखवण्याची टाळाटाळ झाली तर तिथूनच परतावे. संच अधिकृत केंद्रातच बसवून त्याचे प्रमाणपत्र अर्जाला जोडावे लागते.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती आधी घ्यावी आणि विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. सिंधुदुर्गातून आणलेल्या एमएच-07 क्रमांकाच्या गाड्यांची अडचण निराळी आहे. गाडी वर्षाहून अधिक काळ गोव्यात असेल तर तिला गोव्याचा क्रमांक घेणे बंधनकारक आहे, आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते हाती येईपर्यंत इंजिनाचा अर्ज करण्यात अर्थ नाही.

पायलटांनी, म्हणजे गोव्यात भाड्याने दुचाकी टॅक्सी चालवणाऱ्यांनी, विशेष जपावे. त्यांची दुचाकी परिवहन वाहन असल्याने योग्यता तपासणीत इंजिन क्रमांक ठरावीक काळाने पाहिलाच जातो. खासगी गाडीचा बदल पंधरा वर्षे झाकून राहू शकतो, पण नोंदणी नूतनीकरणाच्या दिवशी तो उघडा पडतो, आणि तोवर मूळ इंजिन बहुधा भंगारात वितळलेले असते. त्यामुळे नव्या इंजिनाची नोंद प्रमाणपत्रावर होऊन ते हाती पडेपर्यंत जुने इंजिन विकू नये.