स्मृतिभ्रंश : स्त्रिया आणि पुरुष

वय वाढले की बुद्धी सगळ्यांचीच थोडी मंदावते. नाव चटकन आठवत नाही, हिशोबाला वेळ लागतो. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, ही मात्र मेंदूची व्याधी आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ती सोडून दिली जाते आणि उपचाराची वर्षे हातची जातात. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना ती असावी, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत तिचे प्रमाण जास्त आढळले.

बायका जास्त जगतात हे एक कारण, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. एपीओई-४ हा जनुकप्रकार असेल तर अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचा, धोका साधारण ६५ ते ७५ या वयात स्त्रियांना अधिक असतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, त्याचाही संबंध तपासला जातो. मात्र ६५ वर्षांपुढील स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही संप्रेरके औषध म्हणून एकत्र दिल्यावर स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीने वाढल्याचे २००३ मध्ये अमेरिकेत दिसले. लेवी बॉडी (मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनाच्या गाठी) आणि पार्किन्सन (कंपवात) यांच्याशी निगडित प्रकार पुरुषांत अधिक दिसतात.

शाळेचा मुद्दा मात्र आपल्या भागात सर्वांत मोलाचा. शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रिया सरस, असे पाश्चात्त्य देशांतील चाचण्या सांगतात. त्यामुळे तिथे त्यांचा आजार उशिरा ध्यानात येतो. भारतातील वृद्ध स्त्रिया चाचण्यांत मागे पडतात, आणि शिक्षणातला फरक जमेस धरला की हे अंतर बरेच कमी होते. शिकलेल्या मेंदूकडे झीज सोसण्याची शिल्लक जास्त असते. १९५१ च्या जनगणनेत देशातील स्त्री-साक्षरता जेमतेम ९ टक्के होती, पुरुषांची २७. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. तो निर्णय मेंदूच्या आरोग्याचाही होता, असे आज म्हणता येते.

चुलीचा धूर, मधुमेह, उच्च रक्तदाब, कमी ऐकू येणे, एकटेपणा हे टाळता किंवा आवरता येणारे धोके. असे १४ धोके आवरले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा २०२४ चा अंदाज आहे. पुरुषांत तंबाखू, दारू आणि डोक्याला मार यांचे प्रमाण जास्त.

निदानाची भाषाही बघावी लागते. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या आज्जीला ‘शंभरातून सात वजा करत जा’ म्हटले तर अडखळणे साहजिक आहे. जोतिबाची चैत्रयात्रा कोणत्या पौर्णिमेला, गावचा बाजार कोणत्या वारी, हे तिला तोंडपाठ असते. तेच चुकू लागले, भाजीत मीठ दोनदा पडू लागले, नेहमीची वाट सापडेना, तर घरच्यांनी दवाखाना गाठावा. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड किंवा नैराश्य यांनीही असाच विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून रक्ततपासणी आधी.