गंजणाऱ्या लोखंडाची करामत

‘नॅनो’ हे विशेषण सध्या कशालाही चिकटवलं जातं. पाण्यात बुडवली की पाणी ‘ऊर्जाभारित’ करणारी नॅनो-चकती, नळाला बांधायचा नॅनो-चुंबक, पाण्याच्या रेणूंची ‘रचना सुधारणारी’ बाटली. द्रवरूप पाण्यातल्या रेणूंना एकमेकांशी जोडणारे हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास तुटतात आणि नव्याने जुळतात. अशा पाण्याला कुठली रचना शिकवणार आणि ती घोट घेईपर्यंत टिकणार कशी? तरी या चकत्या विकल्या जातात. वाईट याचं वाटतं की नॅनो आकाराच्या कणांनी दूषित पाणी आणि माती खरोखर साफ करता येते, आणि ती करामत या थापांमध्ये झाकली जाते. तिचा नायक आहे लोखंड, तेही गंजणारं.

आधी खलनायक. ट्रायक्लोरोइथिलीन नावाचं द्रव विसाव्या शतकात यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला सर्रास वापरलं गेलं. दोन कार्बन, एक हायड्रोजन आणि तीन क्लोरीन असा त्याचा रेणू. ते कर्करोगकारक आहे आणि पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड. त्यामुळे आवारात सांडलं की मातीतून झिरपून भूजलात शिरतं, तिथेही न थांबता तळाच्या चिकणमातीपर्यंत जाऊन बसतं आणि तिथून कणाकणाने विरघळत वर्षानुवर्षं पाणी नासवतं. दूषित पाणी उपसून वर साफ करायचं म्हटलं तर पंप दशकानुदशकं चालवावे लागतात. ते बंद केले की तळातला साठा पुन्हा विरघळू लागतो आणि विषाचं प्रमाण परत चढतं.

१९८०च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम यांच्या गटाला निराळाच प्रश्न पडला होता. भूजलाचे नमुने घेताना नळ्या कोणत्या पदार्थाच्या वापराव्यात, म्हणजे मोजमाप बिघडणार नाही? प्लास्टिक अशी द्रव्यं शोषून घेतं, हे अपेक्षितच होतं. पण काही धातूंच्या सान्निध्यात क्लोरीनयुक्त द्रव्यं चक्क नाहीशी होत होती. नमुना बिघडवणारी ही गोष्टच उपाय म्हणून वापरायचं ठरलं. १९९१ मध्ये कॅनडातल्याच बोर्डन इथल्या लष्करी तळावर वाळू आणि लोखंडाच्या भुग्याची भिंत भूजलाच्या वाटेत आडवी पुरली. तिच्यातून पलीकडे निघालेल्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे ९० टक्क्यांनी कमी झालेलं होतं.

हे झालं कसं, ते सावकाश पाहू, कारण सगळी मौज इथे आहे.

गंजताना लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, होऊन पाण्यात उतरतो. सोडलेले इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यावेच लागतात. एरवी ते काम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन करतो, पण खोल भूजलात तो फारसा नसतो. ट्रायक्लोरोइथिलीन मात्र असतं. क्लोरीन हा इलेक्ट्रॉनचा मोठा हावरा. रेणूतल्या तीन क्लोरीननी कार्बनच्या वाट्याचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतलेले असतात, त्यामुळे कार्बन इलेक्ट्रॉनसाठी आसुसलेले. असा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागाला टेकला की इलेक्ट्रॉन त्याच्याकडे जातात, कार्बन-क्लोरीन बंध तुटतो आणि क्लोरीन क्लोराइड होऊन निघून जातो. हा क्लोराइड म्हणजे मिठात असतो तोच. हिशेब पूर्ण मांडला तर लोखंडाचे चार अणू मिळून आठ इलेक्ट्रॉन देतात, पाण्यातले पाच हायड्रोजन आयन खर्ची पडतात, आणि एका विषारी रेणूच्या जागी इथेनचा एक रेणू आणि तीन क्लोराइड उरतात.

पण इथवर पोहोचायच्या वाटा दोन आहेत. पहिल्या वाटेत क्लोरीन एकेक करून जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. तीनाचे दोन क्लोरीन होतात, दोनाचा एक. तो एक क्लोरीनवाला रेणू म्हणजे व्हिनाइल क्लोराइड, हाही कर्करोगकारक आणि मूळ विषापेक्षा घातक. जमिनीतले काही जिवाणू याच वाटेने जातात आणि बरेचदा मध्येच अडकतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसरी वाट आहे बीटा-निष्कासनाची. तिच्यात शेजारशेजारच्या दोन कार्बनांवरचे दोन क्लोरीन एकदमच निघून जातात. मग कार्बनांमधला दुहेरी बंध तिहेरी होतो आणि क्लोरोॲसिटिलीन तयार होतं. ते इतकं क्रियाशील असतं की त्याचं लगेच ॲसिटिलीन, त्याचं इथिलीन आणि शेवटी इथेन होतं. व्हिनाइल क्लोराइडचं गाव या रस्त्यावर लागतच नाही. लोखंडाच्या पृष्ठभागावर बहुतेक रेणू ही दुसरी वाट धरतात. केवळ याच कारणासाठी लोखंडाला मानलं पाहिजे.

आता यात नॅनो कुठे आलं? ही देवघेव फक्त पृष्ठभागावर होते, ढेकळाच्या पोटातलं लोखंड पडून राहतं. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचं एकूण पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या घनाचे १०० नॅनोमीटर बाजूचे घन पाडले तर तेवढ्याच लोखंडाचं पृष्ठफळ ६० चौरस मीटर होतं, म्हणजे एक लाख पट. शिवाय एवढे बारीक कण पाण्यात मिसळून बोअरमधून सरळ खाली सोडता येतात. भिंतीसाठी चर खणायला नको.

असे कण अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात वेइ-श्यान झांग यांनी वापरले, त्यांचा शोधनिबंध १९९७ चा. कृती पाहण्यासारखी असते. फेरिक क्लोराइडच्या पिवळट-तांबूस द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड थेंबाथेंबाने सोडलं की हायड्रोजनचे बुडबुडे फसफसतात आणि द्रावण बघता बघता शाईसारखं काळं होतं. ही काळी पूड नीट न जपता कोरडी करून हवेत उघडी टाकली तर आपोआप पेटू शकते, इतकी ती गंजायला उतावीळ. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे, क्रियेचा वेग वाढवणारा पॅलेडियम हा धातू थोडासा लावलेले असे सुमारे १.७ किलो कण दोन दिवसांत भूजलात सोडले गेले. चार आठवड्यांच्या निरीक्षणात ट्रायक्लोरोइथिलीन जास्तीत जास्त ९६ टक्क्यांनी घटलं. जास्तीत जास्त, सगळीकडे नव्हे. जाहिरातवाले नेमका हाच शब्द गाळतात.

जड धातूंची गोष्ट वेगळी, कारण मूलद्रव्य मोडता येत नाही, फक्त त्याचं रूप बदलता येतं किंवा त्याला पकडून ठेवता येतं. सहा संयुजेचं क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं आणि पेशींना लागणाऱ्या सल्फेटसारखं दिसत असल्याने पेशीच्या दारातून बिनदिक्कत आत शिरतं. लोखंडाने त्याला तीन इलेक्ट्रॉन दिले की ते तीन संयुजेचं होतं आणि लोहाबरोबर न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपात मातीतच बसून राहतं. आर्सेनिकला मात्र धरून ठेवतं ते कणावरचं काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कवच. ते पकडलेलं आर्सेनिक पुढे टाकायचं कुठे, हा प्रश्न शिल्लकच राहतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा वापरून झालेली पूड कुठेही फेकून चालत नाही.

खरी अडचण मात्र रसायनाची नाही, वाहतुकीची आहे. हे कण चुंबकीय असल्याने एकमेकांना ओढून गुठळ्या करतात आणि वाळूच्या फटींत अडकतात. नुसते कण बोअरपासून फार दूर जातच नाहीत. म्हणून त्यांच्यावर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजसारख्या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) लेप देतात. दुसरी अडचण उधळपट्टीची. लोखंड इलेक्ट्रॉन पाण्यालाही देऊन टाकतं, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि कण विषापर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो. गेल्या काही वर्षांत यावर सापडलेला उपाय म्हणजे कणांवर लोह सल्फाइडचा पातळ थर चढवणं. हा थर पाण्याला दूर ठेवतो, पण इलेक्ट्रॉनना वाट देतो, त्यामुळे ते पाण्याऐवजी क्लोरीनवाल्या रेणूंना मिळतात.

आणि हे कणच अपाय करणार नाहीत कशावरून? शंका रास्त आहे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी आणि रॉयल ॲकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने २००४ च्या अहवालात, पुरेसं संशोधन होईपर्यंत असे मोकळे नॅनोकण पर्यावरणात सोडू नयेत अशी शिफारस केली होती. ताजे कण प्रयोगशाळेत जिवाणूंना मारतात, हे खरं आहे. पण लोखंड नॅनो आकाराचंच राहून युगानुयुगं भटकत नाही. ते गंजतं, आणि मागे उरतात ती मातीत एरवीही असणारी लोहाची ऑक्साइडं. चांदीच्या कणांबद्दल मी इतक्या निर्धास्तपणे लिहिणार नाही.

पाण्यावर वाया गेलेल्या इलेक्ट्रॉनांतून जो हायड्रोजन सुटतो, तो डीहॅलोकॉकॉइड्स नावाच्या जिवाणूंचं खाद्य आहे. ते तो वापरून क्लोरीन काढतात आणि त्यांच्यातले काही प्रकार मध्ये न अडकता थेट इथिलीनपर्यंत जातात. त्यामुळे आता काही ठिकाणी लोखंड आणि जिवाणू मुद्दामच जोडीने वापरले जातात. ताजं लोखंड आधी विषाची धार कमी करतं, आणि ते गंजून मवाळ झालं की पुढचं काम जिवाणू हाती घेतात.