नस ताणू नका, सरकवा: मान-हाताच्या मुंग्यांसाठी घरचा व्यायाम

आमच्या सोलापूरच्या फिजिओथेरपी केंद्रात गणवेश शिवणारे कारागीर, विड्या वळणाऱ्या मावश्या आणि लॅपटॉपवर बसणारी मुलं, सगळेच येतात. कामं वेगळी, पण मान खाली, खांदे पुढे आणि हात तासन्‌तास एकाच चालीत, हे सगळ्यांचं सारखं. आणि दुसऱ्या भेटीतली तक्रारही सारखीच: "व्यायाम मनापासून केला, तर जास्तच दुखायला लागलं."

विचारलं की कळतं, हात बाजूला लांब करून, मान उलट्या बाजूला वाकवून, मुंग्या येईपर्यंत ताणून धरला होता. "ताण बसल्याशिवाय मोकळं कसं होणार?" असंही वर विचारतात.

पोटरी आखडली तर ताणून मोकळी होते, कारण तो स्नायू आहे. नस, म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे तर मज्जातंतू, तशी नाही. ती मानेच्या मणक्यांतून निघून खांदा, कोपर, मनगट अशा अरुंद वाटांनी बोटांपर्यंत जाते आणि हात हलेल तशी आत सरकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय की नस सुमारे 8 टक्के ताणली की तिच्यातला रक्तप्रवाह मंदावू लागतो, 15 टक्क्यांच्या आसपास थांबतो. आधीच चिडलेल्या नसेला ताणून धरलं की रात्री हात ठणकतो, झोप जाते आणि मिळवलेला आठवडा-दोन आठवड्यांचा आराम वाया जातो.

शिलाईवाल्यांना सांगायला सोपं आहे. नेफ्यातली नाडी एका टोकाने ओढताना दुसरं टोक सैल सोडलं तर ती सुळकन सरकते. दोन्ही टोकं ओढली तर नेफा चुणतो, नाडी जागची हलत नाही. नसेचंही तसंच.

म्हणून ताठ बसा. हात बाजूला, खांद्यापेक्षा थोडा खाली, तळवा वर. कोपर सरळ करताना मान त्याच हाताकडे झुकवा. कोपर वाकवताना मान उलट्या बाजूला न्या. कुठेही थांबायचं नाही, झोपाळ्यासारखं चालू ठेवायचं. 10 वेळा, दिवसातून 2-3 वेळा. मुंग्या सुरू होण्याच्या आधीच परत फिरायचं. काहीच केलं नाही असं वाटलं तर बरोबर केलंत.

आम्ही पहिल्याच दिवशी मशीन का लावत नाही, मालिश का करत नाही, यावरून काही जण नाराज होतात. पण अंगठा-तर्जनी बधिर आणि करंगळी बधिर हे दोन वेगळे मामले आहेत. पहिल्यात मानेतली सहावी नस किंवा मनगट, दुसऱ्यात मानेतली आठवी नस किंवा कोपर असू शकतं. हात डोक्यावर ठेवल्यावर कळ कमी होते का, यावरूनही बरंच कळतं. दुखणं मनगटात आणि शेक मानेला, असं आम्हाला करायचं नाही. त्यासाठी तपासणीला 40 मिनिटं लागतात, ती लागू द्या. मानेचा पट्टाही थोडेच दिवस. महिनोन्‌महिने लावला तर मानेचे स्नायू दुबळे होतात.

पकड सुटू लागली, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातोय किंवा लघवीवर ताबा राहत नाही, तर आमच्याकडे वेळ घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखून डावा हात भरून येत असेल तर थेट रुग्णालयात.

बाकी बहुतेकांची मानेतली नस काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शांत होते. पण स्टूल आणि टेबलाची उंची तीच राहिली तर तोच त्रास घेऊन परत यावं लागतं. येताना एमआरआयच्या फाइलसोबत तुम्ही कामावर बसलेले असतानाचा, बाजूने काढलेला एक फोटो आणा. चार-पाच कारागीर एकाच कारखान्यातले असतील तर सांगा, आम्ही येऊन बसण्याची जागा बघून देतो. पहिल्या भेटीला अर्ध्या बाह्यांचा सैल शर्ट किंवा ब्लाउज घाला, आणि मोबाइलमध्ये जागा ठेवा. व्यायाम तुमच्याच फोनवर चित्रित करून देतो.