ब्लँडीज, मदेईरा

ब्लँडीज : अटलांटिक महासागरातील मदेईरा या पोर्तुगीज बेटावरची, १८११ साली सुरू झालेली वाइनची पेढी. मूळचे इंग्रज असलेले ब्लँडी घराणे फुंशाल या राजधानीच्या गावी आजही ती चालवते. सध्या कारभार सातव्या पिढीकडे आहे. या बेटावरून वाइन परदेशी पाठवणाऱ्या ब्रिटिश पेढ्या एकेकाळी पुष्कळ होत्या. त्या बुडाल्या, विकल्या गेल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. मूळ संस्थापकाचेच वंशज मालकही आहेत आणि कारभारीही, असे घराणे आता हे एकच उरले आहे.

मदेईरा ही ‘फोर्टिफाइड’ वाइन. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासूनच काढलेला ९६ टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओततात. त्याने यीस्ट मरते, आंबणे थांबते आणि तोवर न आंबलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. त्यामुळे वाइन किती गोड होणार हे मद्यार्क ओतण्याच्या वेळेवर ठरते. सेर्सियाल जातीच्या द्राक्षांचा रस जवळजवळ पूर्ण आंबू देतात, म्हणून ती वाइन ड्राय, म्हणजे सर्वांत कमी गोड. व्हर्देल्यो आणि बोआल या मधल्या पायऱ्या. माल्मसीचे आंबणे सर्वांत लवकर थांबवतात आणि ती सर्वांत गोड. बेटावर सर्वाधिक पिकते ते मात्र टिंटा नेग्रा हे काळे द्राक्ष. तयार वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण १९ टक्के असते.

पोर्ट आणि शेरी याही फोर्टिफाइड वाइन. मदेईराचे वेगळेपण आहे ते उष्णतेत. नाशिकहून आणलेली साधी वाइनची बाटली मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहून गेली, तर ती बाद झालीच म्हणून समजावे. मदेईरा मात्र मुद्दाम तापवूनच मुरवतात, आणि ही रीत सापडली ती हिंदुस्थानच्या वाटेवर. युरोपातून पूर्वेकडे निघालेली जहाजे पाणी, अन्न आणि वाइन भरून घ्यायला फुंशालच्या बंदरात थांबत. लांबच्या प्रवासात वाइन नासू नये म्हणून तिच्यात मद्यार्क घालू लागले. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या तळात ती महिनोन् महिने तापे, हेलकावे खाई. काही पिंपे न विकता तशीच परत आली, तेव्हा आतली वाइन नासण्याऐवजी आणखी खुललेली निघाली. मग व्यापारी पिंपे केवळ फेरीसाठी जहाजावर चढवू लागले. अशा वाइनला पोर्तुगीजांनी नाव दिले ‘व्हिन्यो द रोदा’, म्हणजे फेरी मारून आलेली वाइन. अठराव्या शतकात मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या इंग्रज वस्त्यांत मदेईरा हे नेहमीचे पेय होते. आपला ‘पिंप’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलेला आहे.

जहाजाची फेरी महाग पडे, तेव्हा बेटावरच ती ऊब निर्माण करण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला ‘एस्तुफाजें’ : वाइन मोठ्या टाक्यांत ४५ ते ५० अंश सेल्सियसवर किमान तीन महिने ठेवायची. स्वस्त मालासाठी ही रीत चालते. दुसरा ‘कांतेइरो’, आणि ब्लँडीजचे नाव आहे ते या रीतीसाठी. कांतेइरो म्हणजे पिंपे ज्यांवर ठेवतात त्या लाकडी तुळया. फुंशालमधील ब्लँडीजचे जुने कोठार १८४० पासून घराण्याकडे आहे. त्याचा काही भाग पूर्वी फ्रान्सिस्कन मठाचा होता. नवी वाइन छपराखालच्या सर्वांत तापणाऱ्या माळ्यावर चढवतात. वर्षे सरतात तशी पिंपे एकेक मजला खाली, गारव्याकडे येतात. लाकडातून दर वर्षी थोडी वाइन उडून जाते. उरलेली दाट आणि गडद होत जाते. ‘फ्रास्केइरा’ हा सर्वांत वरचा दर्जा मिळायला एकाच हंगामाची, एकाच जातीची वाइन किमान २० वर्षे पिंपात राहावी लागते. म्हणजे आज जे पिंप भरले जाते, त्याचा पैसा बहुधा पुढच्या पिढीच्या हाती येतो. एवढा काळ भांडवल अडकवून ठेवणे घरच्या पेढीलाच जमते, असे या घराण्याचा इतिहास पाहता वाटते.

संस्थापक जॉन ब्लँडी तब्येत बरी नसल्याने हवापालटासाठी बेटावर आला, असे घराण्यात सांगतात. त्याच्या मुलाच्या, चार्ल्स रिडपाथ ब्लँडीच्या काळात खरी कसोटी लागली. १८५२ च्या सुमारास भुरी रोगाने बेटावरचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अनेक व्यापारी गाशा गुंडाळून निघून गेले. चार्ल्सने मात्र निघालेल्यांकडचा जुन्या वाइनचा साठा विकत घेतला. १८७२ मध्ये फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड आली आणि उरलेसुरले वेलही गेले. तोवर घराण्याच्या कोठारात जुनी पिंपे होती. बंदरात येणाऱ्या आगबोटींना कोळसा पुरवण्याच्या धंद्यानेही पेढीला तारले.

याच चार्ल्सची मुलगी फ्रान्सेस ऊर्फ फॅनी. १८७३ मध्ये समुद्रतळाची तार टाकणारे ‘हूपर’ जहाज तारेतल्या बिघाडामुळे फुंशालला अडकले. जहाजावर भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, होते. ब्लँडींच्या घरी त्यांचे येणे-जाणे झाले आणि त्यांनी मुलींना दिव्याच्या उघडझापीने संदेश पाठवायला शिकवले. पुढल्या वर्षी ते स्वतःच्या शिडाच्या नौकेतून परतले आणि लग्नाची मागणी त्याच सांकेतिक भाषेत घातली, अशी कथा आहे. लग्न जून १८७४ मध्ये झाले. तापमानाचे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते या घरचे जावई, याचा तापवून मुरवलेली वाइन विकणाऱ्यांना अभिमान वाटावा हे साहजिक आहे.

विसाव्या शतकात मागणी घटली, तेव्हा अनेक पेढ्यांनी मिळून संघ उभारला. ब्लँडीज त्यात १९२५ मध्ये सामील झाले. हाच संघ पुढे मदेईरा वाइन कंपनी झाला. १९८९ मध्ये पोर्ट वाइनच्या व्यापारातील सिमिंग्टन घराण्याला कंपनीत मोठा हिस्सा मिळाला. २०११ मध्ये, स्थापनेला दोनशे वर्षे झाली तेव्हा, ब्लँडींनी ताबा पुन्हा आपल्याकडे घेतला.

गोव्यातली गोड ‘पोर्ट’ चाखलेल्याला जुनी माल्मसी आधी ओळखीची वाटेल. काकवीसारखा रंग, भाजलेल्या साखरेचा, अक्रोडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. मग जिभेच्या कडांना चिंचेसारखा लख्ख आंबटपणा लागतो आणि गोडी चिकटून राहत नाही. हा आंबटपणा ज्वालामुखीच्या मातीतल्या, डोंगरउतारावर पायऱ्या खणून लावलेल्या द्राक्षांचा. त्याच्यामुळेच मदेईराची बाटली आडवी न ठेवता उभी ठेवतात, नाहीतर वर्षानुवर्षांत वाइन बूच खाऊन टाकते. जुन्या बाटल्यांवर कागदी चिठ्ठीऐवजी पांढऱ्या रंगाने, साचा धरून जात आणि साल लिहिलेले असते. बाटली एकदा उघडली तरी घाई नसते. जे बिघडायचे ते सगळे पिंपातच सोसून झालेले असल्याने वाइन त्यानंतर कित्येक महिने तशीच राहते.