कव्हर अल्बम, वाद्यमेळासह (बेळगाव सीमाभाग)

गाजलेली जुनी गाणी मूळ चालीतच, पण नव्या वाद्यमेळासह, पुन्हा ध्वनिमुद्रित करून काढलेला संग्रह. कॅसेटच्या जमान्यात अशा गाण्याला ‘व्हर्जन’ म्हणत. यूट्यूब आल्यापासून ‘कव्हर’ हा शब्द रुळला. ‘पुनर्गायन’ असा मराठी शब्द करता येईल, पण तो अपुरा पडतो, कारण अशा संग्रहांत पुष्कळदा गायन नसतेच. शब्दांची जागा व्हायोलिन, बासरी किंवा हार्मोनियम घेते आणि ऐकणारा मनातल्या मनात शब्द म्हणत राहतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी वस्तीच्या पट्ट्यात असा संग्रह करणारा माणूस बहुधा प्रसिद्ध गायक नसतो. तीस-चाळीस वर्षे ऑर्केस्ट्रात, भजनात, नाटकाच्या पिटात साथ करून केस पांढरे झालेला वादक असतो. या प्रकाराचा विचार त्याच्या बाजूने केला तरच तो नीट कळतो.

दुसऱ्याच्या चालीवर आपले गाणे उभे करणे ही इथे जुनी रीत आहे. संगीत नाटकांच्या छापील प्रती उघडल्या की पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याची ओळ दिलेली दिसते. ते पद त्या गाण्यासारखे म्हणायचे, एवढाच तिचा अर्थ. लपवाछपवी नाही, उलट उधारीची नोंद वहीत असावी तशी ती ओळ. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–१८८५) हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात नोकरी करता करता त्यांनी तिथे नाटक मंडळीही काढली होती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आले. त्यांच्या पदांत कीर्तनातल्या साक्या-दिंड्या आहेत, तशा कानडी चालीही आहेत. आणि कानडी चाल त्यांना शोधायला जावे लागले नसणार. गोकाक भागातल्या कुळगोडच्या तम्मण्णाचे ‘श्रीकृष्ण पारिजात’ याच जिल्ह्याच्या मातीतले. त्याही आधी, १८४३ मध्ये, विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिले मराठी नाटक केले ते उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचा कानडी खेळ पाहून. चाली, खेळ आणि माणसे या भागात नेहमीच भाषेची हद्द ओलांडत आली आहेत.

तंतुवाद्यांचा ताफा, ब्रास, स्वरसंवाद (हार्मनी) ही ‘ऑर्केस्ट्रा’ची बाजू मात्र दोन वाटांनी आली. एक वाट बेळगावच्या कॅम्पातून. ब्रिटिश पलटणींचा बँड शहराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. आजही मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड त्या बँडचा दूरचा नातेवाईक, फक्त गणवेशाची बटणे कमी झालेला. दुसरी वाट चोर्ला घाटातून. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. तिथून निघालेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यमेळ उभा केला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा करत, आणि मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर १९५८ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्राच घेऊन लोकांपुढे आले. गाण्याच्या तबकडीवर गायक, गीतकार आणि संगीतकार छापले जात. मुखडा आणि अंतरा यांच्यामधली ती सतरा-अठरा सेकंदांची व्हायोलिनची धाव कोणी लिहिली, हे छापण्याची पद्धत नव्हती.

त्या धावेला वादकांच्या बोलीत ‘पीस’ म्हणतात. स्टेज ऑर्केस्ट्राचा सगळा धंदा या पिसांवर चालला. साठ-सत्तरच्या दशकांत पुण्याच्या ‘मेलडी मेकर्स’सारख्या संचांनी रेकॉर्डवरचे गाणे हुबेहूब स्टेजवर वाजवून दाखवण्याचे वेड महाराष्ट्रभर लावले, आणि ते सीमाभागातल्या गणपती मंडळांच्या मांडवांतही पोचले. मांडवातला प्रेक्षक गायकाला माफ करतो. आवाज लतासारखा नाही, रफीसारखा नाही, हे त्याला आधीच मान्य असते. पीस चुकला तर मात्र तो वळून शेजाऱ्याकडे बघतो.

पीस उतरवून घेण्याची हातोटी हे त्या पिढीचे खरे शिक्षण. तेव्हाच्या रेकॉर्ड प्लेअरवर मिनिटाला फेऱ्यांचे चार वेग असत: १६, ३३, ४५ आणि ७८. लाँग प्ले तबकडी ३३ ऐवजी १६ वर लावली की गाणे निम्म्या वेगाने आणि बरोबर एक सप्तक खाली वाजे. झपाट्यात निसटलेले स्वर एकेक करून हाती येत. जुनी ७८ची तबकडी ३३वर लावली की हिशेब बिघडे. सूर सुमारे सव्वा सप्तक खाली जाई, म्हणजे पट्टीच बदले, आणि मग डोक्यात वजाबाकी करत पेटीवर बोट ठेवावे लागे. कॅसेटला ती सोय नव्हती. तिथे रिवाइंडचे बटण आणि चिकाटी, एवढेच. पट्टा सैल झालेल्या टेपवर काळी एकचे गाणे पांढरी एककडे झुकलेले ऐकू येई, आणि दोन गावांतले दोन ऑर्केस्ट्रे एकच गाणे दोन पट्ट्यांत बसवून मोकळे होत. लिहून ठेवायचे ते डायरीत, देवनागरी सरगमात. सरगमात स्वरसंवाद मांडणे अवघड, म्हणून ‘रे ग म’च्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘जी मायनर’, ‘डी सेव्हन’ असे लिहिलेले असे. तेलाचे डाग पडलेल्या अशा डायऱ्या मी पाहिल्या आहेत. ती लिपी ज्याची त्यालाच वाचता येते.

या पार्श्वभूमीवर ज्येष्ठ वादकाचा कव्हर अल्बम म्हणजे काय, याचे उत्तर बदलते. गायक जेव्हा असा संग्रह करतो तेव्हा ती आदरांजली असते. लता मंगेशकरांनी १९९२ च्या ‘श्रद्धांजली’त सैगल, रफी यांच्यासारख्या समकालीनांची आणि पूर्वसूरींची गाणी गायली. सोनू निगमने २००८ मध्ये रफींची गाणी सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिंफनी ऑर्केस्ट्राच्या साथीने पुन्हा गायली. ध्वनी भव्य आहे, पण पुष्कळ ठिकाणी वाद्यमेळ गाण्याच्या अंगावर येतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कार्यक्रमात बालगंधर्वांची पदे मांडली, तेव्हा शीर्षकातच भूमिका सांगून टाकली. नक्कल नव्हे, उमज. मातृभाषा कानडी असलेल्या माणसाने मराठी नाट्यपद असे पुन्हा उलगडावे, यात सीमाभागातल्या कोणालाही नवल वाटत नाही.

वादकाचा संग्रह याहून वेगळा असतो. व्हायोलिनवादक प्रभाकर जोग (१९३२–२०२१) यांनी ‘गीतरामायणा’पासून सुधीर फडक्यांना साथ केली, पुढे असंख्य गाण्यांचे संयोजन केले, आणि मग ‘गाणारं व्हायोलिन’ या मालिकेत तीच गाणी एकट्या व्हायोलिनच्या तोंडी दिली. पुण्याचे एनॉक डॅनियल्स यांनी अ‍ॅकॉर्डियनवर हिंदी गाण्यांच्या तबकड्या काढल्या. दोघेही मूळ गाण्यांच्या निर्मितीत आतून वावरलेले. सीमाभागातला वादक त्या स्टुडिओत नव्हता. तो मांडवात होता. त्याने ती गाणी बाहेरून, हजार वेळा, दुसऱ्यांच्या गळ्यामागे बसून वाजवली. म्हणून त्याच्या अल्बममध्ये गायन थोडे आणि पीस ठळक असतात. मूळ रेकॉर्डमध्ये जे मागे होते ते तो पुढे आणतो. एका अर्थी गोव्याच्या त्या निनावी संयोजकांचे देणे तो फेडत असतो, स्वतःचे नावही क्वचितच नीट छापले गेलेले असताना.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी अडचण येते ती पट्टीची. आजचा कीबोर्ड आंतरराष्ट्रीय मानकावर, म्हणजे मध्य सप्तकातला ‘ए’ ४४० हर्ट्‌झवर, जुळलेला असतो; घरातली जुनी हार्मोनियम तिथे असेलच असे नाही. पेटी म्हणजे या शहराचा जिव्हाळ्याचा विषय. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी इथे पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या, त्यातली काही वर्षे तर आकाशवाणीने हार्मोनियमला दारच बंद केले होते तेव्हाची (१९४० ते १९७१). त्यामुळे अल्बममध्ये पेटी हवीच असते, आणि संगणकातल्या व्हायोलिनांशी ती दोन-चार श्रुतींनी भांडते. उपाय दोन. एक, संगणकावर सगळा वाद्यमेळ पेटीच्या सुराला आणायचा. दुसरा, पेटी उघडून सुरांच्या पितळी जिभा घासायच्या: टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. दुसरा उपाय करताना म्हातारे वादक खोलीबाहेर जाऊन बसतात.

व्हायोलिनांचा ताफा हा पुढचा प्रश्न. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा मुद्रित केला तेव्हापासून मराठी कानांना तंतुवाद्यांच्या खऱ्या भिंतीची चटक लागली आहे. बेळगावात ती भिंत दुसऱ्या रीतीने बांधतात. तीन-चार व्हायोलिनवादक बोलावायचे, त्यांतले एक-दोघे गोव्याहून. एकच ओळ त्यांच्याकडून चार वेळा वाजवून घ्यायची, दर वेळी माणसांच्या जागा बदलायच्या, जमल्यास वाद्येही अदलाबदल करायची. नाहीतर तोच आवाज चार वेळा छापल्यासारखा ऐकू येतो. खाली संगणकातले चेलो आणि डबल बास भरायचे. वर ढोलकी, तबला आणि बासरी मात्र खरी ठेवायची. तबल्याची चाट यंत्रातून काढली की मराठी माणूस लगेच ओळखतो, व्हायोलिनचे त्याला तेवढे कळत नाही.

मोसमही आडवा येतो. गणपतीपासून लग्नसराई संपेपर्यंत वादक मोकळा नसतो. मोकळा असतो तो पावसाळ्यात. आणि बेळगाव-खानापूरचा पाऊस म्हणजे दिवसचे दिवस. पत्र्याच्या छपराखालच्या स्टुडिओत जुलै-ऑगस्टमध्ये संथ आलाप घेणे अशक्य. माईकमध्ये आधी पाऊस जातो. दमट हवेत ढोलकीची पाने (वरची कातडी) उतरतात, ती हलोजनच्या दिव्यापुढे धरून शेकायची, दोन गाणी वाजवायची, पुन्हा शेकायची. म्हणून जलद, तालाची गाणी पावसात आणि भावगीते थंडीत, अशी विभागणी करणारेही आहेत. एकाच अल्बममध्ये ऋतू बदललेला ऐकू येतो तो यामुळे.

कायद्याची बाजू वादकांना उशिरा कळते आणि महागात पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूचना देऊन आणि मानधन भरून कव्हर काढता येत असे. ऐंशीच्या दशकात सुपर कॅसेट्सचा (टी-सीरीज) स्वस्त व्हर्जन कॅसेटचा बाजार याच तरतुदीवर फोफावला. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आणून नियम कडक केले. आता मूळ मुद्रणाचे वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे थांबावे लागते. वेष्टनावर हे कव्हर आहे असे स्पष्ट लिहावे लागते. आणि प्रत्येक गाण्यासाठी वर्षाला निदान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरावे लागते. निपाणीच्या एखाद्या पेटीवाल्याने ५०,००० प्रतींचा हिशेब कुठून मांडायचा? एखाद्या भाषेतील किंवा बोलीतील खप पाहून हा आकडा कमी ठरवण्याची मुभा कायद्यातच आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. शब्दांत व चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही. राहतो तो वाद्यमेळ, म्हणजे नेमकी वादकाची स्वतःची जागा.

याच अटीमुळे सीमाभागातली एक लाडकी खोड अल्बमबाहेर राहते. इथल्या स्टेजवर एकाच कार्यक्रमात हिंदी, मराठी आणि कन्नड गाणी होतात, आणि मराठी गाण्याचा दुसरा अंतरा जागच्या जागी कानडीत म्हणून टाळ्या घेणारे गायक असतात. मांडवात ते खपते. मुद्रणात शब्द बदलले की ते कव्हर राहत नाही, मालकाची वेगळी परवानगी लागते. त्यामुळे शहाणा वादक असे गाणे वाद्यांवरच ठेवतो. भीमसेन जोशींच्या मराठी अभंगांचा आणि कानडी दासपदांचा श्रोता या भागात एकच असल्याने, व्हायोलिनवर एक चाल सुरू झाली की घरातले कोणी मराठीत गुणगुणते, कोणी कानडीत.

प्रकाशन हल्ली एखाद्या रंगमंदिरात पन्नास-साठ माणसांपुढे होते आणि त्याच रात्री गाणी यूट्यूबवर चढतात. तिथली यंत्रणा चाल ओळखून मूळ कंपनीचा दावा लावते, आणि जाहिरातीचे पैसे तिकडे जातात. सीडी छापल्याच तर दोनशे-अडीचशे, त्याही बहुतेक वाटून टाकण्यासाठी. सीडीच्या आतल्या घडीवर मूळ गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे असतात. अलीकडे काही जण त्याखाली ‘मूळ वाद्यमेळ’ अशी आणखी एक ओळ घालू लागले आहेत. त्यासाठी जुन्या वादकांना फोन करून विचारावे लागते, आणि निम्म्या गाण्यांपुढे ती ओळ कोरीच छापली जाते.