दरड सुटेल का, आणि कुठवर जाईल?

दरडीचं सिम्युलेशन करायचं म्हटलं की आधी सॉफ्टवेअरचं नाव शोधलं जातं. त्यापूर्वी ठरवावं लागतं ते हे: उतार सुटेल का, हे पाहायचंय, की सुटलेला माल कुठवर जाईल हे? पहिल्यासाठी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं मोफत ‘ट्रिग्रस’ आहे. मुरणाऱ्या पावसाने नकाशाच्या प्रत्येक चौकटीतला सुरक्षा गुणांक (उताराला धरून ठेवणारं बळ भागिले खाली ओढणारं बळ) किती घटतो, हे ते सांगतं. पण मातीची खोली अंदाजाने भरली, तर उत्तरही अंदाजाचंच.

गावाला खरी काळजी दुसऱ्या प्रश्नाची. तिथे स्वित्झर्लंडचं ‘रॅम्स’ (परवाना विकत घ्यावा लागतो) किंवा मोफत ‘आर.अ‍ॅव्हाफ्लो’. रॅम्सचं डेब्रिस फ्लो (दगड-चिखलाचा लोंढा) मॉडेल सगळ्या मालाला एकच द्रव मानतं. वायनाडला 30 जुलै 2024 रोजी लोंढा नदीपात्रातून सुमारे 8 किलोमीटर गेला. अशा वेळी दगड आणि पाणी वेगळं धरणारं आर.अ‍ॅव्हाफ्लो बरं. ते शिकायला मात्र जड आहे.

रॅम्समध्ये घर्षणाचे आकडे दोन: म्यू (कोरडं घर्षण; जास्त असेल तर माल लवकर थांबतो) आणि झाय (वेगासोबत वाढणारा अडथळा; आकडा जास्त असेल तर अडथळा कमी). माल जिथे साचतो तिथला उतार 11 अंश असेल, तर म्यू त्याच्या टॅन्जंटइतका, म्हणजे 0.19 धरून सुरुवात करावी. झाय 200 ठेवावा. मग जुन्या दरडीवर हे आकडे जुळवून बघायचे. खरी फसगत इथेच होते: दोन्ही आकडे वाढवले तर लोंढा वेगात येऊन एका जागी थांबतो, दोन्ही घटवले तर हळू येऊनही तिथेच पोचू शकतो. थांबण्याची जागा जुळली म्हणून वेग बरोबर असतोच असं नाही, आणि भिंत पाडतो तो वेग. म्हणून ओढ्याच्या वळणावर दोन्ही काठांना लागलेल्या चिखलाच्या उंचीतला फरक मोजून ठेवावा. त्यावरून वेग काढता येतो.

उंचीचा नकाशा 30 मीटरच्या चौकटींचा असेल तर 8 मीटर रुंदीची घळ त्यात दिसतच नाही. मग माल घळीतून न वाहता उतारावर पसरतो आणि खालची वाडी सुरक्षित दिसते. अलॉस पल्सार या जपानी उपग्रह-रडारच्या माहितीसोबत मिळणारा 12.5 मीटरचा नकाशाही आपल्याकडे मुळात 30 मीटरच्याच मोजणीवरून बारीक केलेला आहे. माळीण किंवा इर्शाळवाडीसारख्या छोट्या उतारावर ड्रोनने 2 ते 5 मीटरचा नकाशा करावा, झाडांची उंची वगळून.

सुटणाऱ्या मालाचं घनफळ कुणालाच नेमकं ठाऊक नसतं. अंदाजाच्या निम्मं, तेवढंच आणि दुप्पट, अशी तीनदा गणितं चालवावीत, आणि घरांच्या परवानगीसाठी दुप्पट घनफळाचा माल जिथवर पोचतो ती कड धरावी.